पिंपल आजचा, सुरुवात दोन महिन्यांपूर्वीची!

नवा फेसवॉश, नवं सिरम, नवी ट्यूब. आठ दिवस लावायचं, फरक दिसला नाही की बाजूला टाकायचं आणि दुसरं आणायचं. पिंपल्स चेहऱ्याचं जेवढं नुकसान करत नाहीत, तेवढं ही घाई करते. ते कसं? आणि मग नेमकं करायचं काय?

परवा कॉलेजचं गॅदरिंग. कपडे ठरले, केसांचं ठरलं, फोटो कुणी काढायचे तेही ठरलं. आणि आज सकाळी दात घासताना आरशात बघता, तर नाकाच्या शेंड्यावर लालबुंद फोड हजर!

मग घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. आई म्हणते, ‘कितीदा सांगितलं, ते बाहेरचं तेलकट खाऊ नकोस.’ आजी म्हणते, ‘अंगात उष्णता झालीये, सब्जा पी.’ आत्या हसत हसत सांगते, ‘लग्न झालं की जातात गं आपोआप.’ मैत्रीण टूथपेस्ट लावायचं रील पाठवते. आणि जिममधला एखादा मित्र खात्रीने सांगतो, ‘अरे, मेडिकलमधून अमुक ट्यूब घे. दोन दिवसांत चेहरा साफ!’

यातले बहुतेक सल्ले निरुपयोगी आहेत, काही निरुपद्रवी आहेत आणि शेवटचा मात्र खरोखर धोक्याचा आहे. तो का, ते पुढे बघूच. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. तुम्ही एकटे नाही. साधारण १२ ते २४ या वयातल्या जवळपास ८५ टक्के मुलामुलींना कमीजास्त प्रमाणात मुरुमं येतातच. मराठीत त्यांना ‘तारुण्यपीटिका’ असं भारदस्त नाव आहे ते उगाच नाही. फक्त ती तारुण्यातच थांबतात असंही नाही. पंचविशी-तिशीतही, विशेषतः मुलींना, हा त्रास होतो.

आत नेमकं चाललंय काय?

आपल्या त्वचेवर असंख्य बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्राच्या आत एका केसाचं मूळ आणि त्याला चिकटलेली, तेल तयार करणारी एक ग्रंथी असते. या तेलाला सीबम म्हणतात. ते वाईट नाही. त्वचा मऊ ठेवायला ते लागतंच.

वयात येताना शरीरात अँड्रोजेन गटातली हार्मोन्स वाढतात. मुलांमध्ये जास्त, पण मुलींमध्येही. ती या ग्रंथींना जोरात कामाला लावतात आणि सीबम भरपूर तयार होऊ लागतं. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या भिंतीवरच्या मृत पेशी गळून बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटून बसतात. तेल आणि पेशी मिळून छिद्राच्या तोंडाशी बूच तयार होतं.

हे बूच बंद छिद्रात राहिलं तर त्वचेखाली पांढरट दाणा दिसतो. तो व्हाइटहेड. छिद्राचं तोंड उघडं असेल तर बूच काळं दिसतं. तो ब्लॅकहेड. हा काळा रंग मळाचा नसतो बरं का! त्वचेतलंच मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि तेल हवेच्या संपर्कात आल्यावर काळं पडतं. म्हणून ब्लॅकहेड कितीही घासला तरी ‘स्वच्छ’ होत नाही.

बुचाच्या आत तेल साचलं की ते आवडणारा एक जिवाणू तिथे जोमाने वाढतो. त्याचं नाव क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. तो आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असतो, अगदी पिंपल न येणाऱ्यांच्याही. म्हणजे पिंपल्स संसर्गजन्य नाहीत. मैत्रिणीचा रुमाल वापरला म्हणून ते आले असं होत नाही. पण बंद छिद्रात हा जिवाणू वाढला आणि शरीराची संरक्षण यंत्रणा खवळली की सूज येते, लाली येते, पू होतो. तोच आपला पिंपल. ही सूज फार खोल गेली तर दुखऱ्या गाठी होतात आणि त्या मागे खड्डे ठेवून जातात.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ते पहिलं बारीक बूच डोळ्यांना दिसत नाही. ते तयार होण्यापासून लाल फोड वर येईपर्यंत काही आठवडे जातात, कधीकधी दोन महिनेसुद्धा. आज नाकावर दिसतोय तो पिंपल कालच्या वडापावमुळे आलेला नाही. त्याची तयारी गेल्या महिन्यात किंवा त्याच्याही आधी सुरू झाली होती. आणि पुढच्या महिन्यात दिसणारे पिंपल्स या क्षणी तुमच्या गालाच्या आत तयार होत आहेत!

हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं सोपं होतं. चार दिवसांत कुठलंही औषध ‘फेल’ ठरवता येत नाही. आणि फक्त दिसणाऱ्या फोडावर ठिपका लावून उपयोग नसतो. पिंपल जिथे जिथे येतात त्या सगळ्या भागावर औषध लावावं लागतं, कारण पुढचे फोड तिथेच दडलेले असतात.

धुवा, पण घासू नका

पिंपल येणारा चेहरा म्हणजे अस्वच्छ चेहरा, हा समज इतका पक्का आहे की अनेक जण दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुतात. वर अक्रोडाच्या सालीचा स्क्रब. त्याने होतं काय? त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीचा अंगाचा साबण बऱ्यापैकी अल्कधर्मी. सतत साबण लावला की त्वचेचं वरचं संरक्षक आवरण बिघडतं. चेहरा ताणल्यासारखा होतो, खाजतो, लाल होतो. सूज आधीच होती, ती आणखी वाढते.

सकाळी एकदा, रात्री एकदा सौम्य फेसवॉश. खेळून किंवा जिमहून घामाघूम होऊन आलात तर आणखी एकदा. बस्स. बोटांनी लावायचा, कोमट किंवा साध्या पाण्याने धुवायचं आणि टॉवेलने टिपून घ्यायचं, खसाखसा पुसायचं नाही.

घरगुती उपायांचंही थोडं बघू. लिंबाचा रस खूप आम्लधर्मी असतो. तो चेहऱ्यावर लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. बेकिंग सोडा दुसऱ्या टोकाचा, अल्कधर्मी. टूथपेस्ट दातांसाठी बनवलेली असते. चेहऱ्यावर ती चुरचुरते आणि कातडी सोलवटते. मुलतानी माती तेल शोषते, चेहरा तासभर छान मॅट दिसतो, पण छिद्राच्या आतलं बूच तिने निघत नाही. हळद-चंदनाचा लेप सोसत असेल तर आठवड्यातून एकदा लावा की, आजीलाही बरं वाटेल. फक्त त्यालाच उपचार समजून सहा महिने घालवू नका.

वडापाव, चॉकलेट आणि जिमचा डबा

खाण्याचा आणि पिंपल्सचा संबंध आहे की नाही, हा वाद जुना आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत ६५ जणांवर एक प्रयोग झाला. काहींना भरपूर चॉकलेट असलेला बार दिला, काहींना चॉकलेट नसलेला. पिंपल्समध्ये फरक दिसला नाही आणि ‘खाण्याचा काही संबंध नाही’ असं पुढे अनेक वर्षं शिकवलं गेलं. गंमत म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या त्या दुसऱ्या बारमध्येही साखर आणि स्निग्ध पदार्थ जवळपास तेवढेच होते. मग फरक दिसणार कसा?

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या सुमारे १,२०० लोकांची त्वचा तपासली होती. कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ खाणाऱ्या या लोकांमध्ये त्यांना एकही पिंपल सापडला नाही. यात आनुवंशिकतेचाही वाटा असू शकतो. पण २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर बारा आठवडे झालेल्या प्रयोगात, रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे पिंपल्स जास्त कमी झाले. रक्तातली साखर झरकन वाढली की इन्शुलिन वाढतं आणि ते तेलग्रंथींना आणखी चालना देतं, असं यामागचं स्पष्टीकरण आहे.

म्हणजे आईचा ‘तेलकट खाऊ नकोस’ हा सल्ला थोडा बाजूने गेला. भज्यातलं तेल चेहऱ्यावर येत नाही. संशय आहे तो साखर, मैदा, कोल्ड्रिंक, बिस्किटं, दिवसातून चार वेळा घेतलेला गोड चहा यांच्यावर. भाकरी, भाजी, उसळ, वरण हे आपलं साधं ताट या दृष्टीने चांगलंच आहे. दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा संबंध काही पाहण्यांमध्ये दिसला आहे, पण तो सगळ्यांना लागू होतो असं नाही. दूध बंद केलंत तर महिना-दोन महिने नीट निरीक्षण करा. फरक नसेल तर उगाच उपाशी राहू नका.

जिमला जाणाऱ्यांनी मात्र इकडे लक्ष द्या. व्हे प्रोटीन सुरू केल्यावर छातीवर, पाठीवर, गालांवर अचानक पिंपल्स आल्याच्या नोंदी डॉक्टरांकडे आहेत. व्हे हे दुधापासूनच बनतं. व्हिटॅमिन बी-१२ च्या इंजेक्शनांनंतरही काहींना फोड येतात. आणि बॉडी लवकर बनावी म्हणून कुणी ‘कोर्स’ करत असेल, म्हणजे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड घेत असेल, तर पाठभर उठणाऱ्या मोठ्या गाठी हा त्याचा नेहमीचा परिणाम आहे. पिंपल्स तर दिसतात तरी. हृदय, यकृत आणि हार्मोन्सवर होणारे परिणाम दिसतही नाहीत. डॉक्टरांकडे गेलात तर जिममध्ये काय घेता ते लपवू नका.

कपाळावर तेल, हनुवटीवर पट्टा

कधीकधी पिंपल्स कुठे आलेत यावरून कारण सापडतं. फक्त कपाळावर आणि केसांच्या कडेने बारीक दाणे असतील तर रात्री चोपडलेलं खोबरेल तेल, केसांचं जेल किंवा वॅक्स आठवून बघा. हे चिकट पदार्थ कपाळावर उतरून छिद्रं बंद करतात. तेल लावायचंच असेल तर धुण्याच्या तासभर आधी लावा, कपाळावर येऊ देऊ नका आणि तेल लावून झोपू नका.

हनुवटीवर आणि जबड्यावर फोड येतात आणि तुम्ही रोज बाइक चालवता? हेल्मेटचा पट्टा आणि घाम यांच्या घर्षणाने असं होतं. हेल्मेट सोडायचं नाही हं, अजिबात नाही! आतलं अस्तर धूत राहा, आत स्वच्छ सुती रुमाल बांधा.

कपाळावर, छातीवर एकाच आकाराचे, खूप खाजणारे बारीक दाणे असतील आणि सोबत डोक्यात कोंडा असेल तर ते कदाचित पिंपल्स नसतीलच. यीस्ट प्रकारच्या बुरशीमुळेही असे दाणे येतात, विशेषतः आपल्या कोकण-मुंबईसारख्या दमट हवेत. त्याचं औषध पूर्ण वेगळं आहे, त्यामुळे पिंपलची क्रीमं लावून ते जात नाहीत.

आणि परीक्षा? त्यावरही अभ्यास झालाय. २००३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची तपासणी परीक्षेच्या दिवसांत आणि इतर दिवसांत करण्यात आली. ज्यांचा ताण जास्त वाढला, त्यांचे पिंपल्सही जास्त वाढलेले दिसले. तेव्हा जागरणं करून वाचताना हाताने गाल खाजवत बसू नका, एवढं तरी करा.

‘दोन दिवसांत साफ’ करणाऱ्या ट्यूबची गोष्ट

आता त्या जिममधल्या मित्राच्या सल्ल्याकडे येऊ. मेडिकलमध्ये जाऊन ‘पिंपलसाठी काहीतरी द्या’ म्हटलं की अनेकदा एक स्वस्त ट्यूब हातात पडते. कुणी ती गोरं होण्याचं क्रीम म्हणून लावतं, कुणी नाइट क्रीम म्हणून. लावल्यावर खरोखर दोन-तीन दिवसांत लाली जाते, चेहरा उजळ दिसतो. मग ती मैत्रिणीला सांगितली जाते, मैत्रिणीकडून बहिणीकडे जाते.

अशा कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही त्यांची काही नावं. एक्झिमासारख्या आजारांत, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही फार कामाची औषधं आहेत. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसायला लागतात, उन्हात गेलं की आग होते, मुलींच्या चेहऱ्यावर केस वाढतात. आणि ज्यासाठी ती लावली ते पिंपल्स? ते पूर्वीपेक्षा जास्त येतात. स्टेरॉइडमुळेच!

सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. क्रीम बंद केलं की चेहरा लालबुंद होतो, फोड उसळतात. तुम्हाला वाटतं, क्रीम चांगलं होतं, बंद केलं म्हणून त्रास झाला. म्हणून परत लावता. असं वर्षानुवर्षं चालतं. आपल्या देशात हे प्रमाण इतकं आहे की त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला स्वतंत्र नावच दिलंय, ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

म्हणून सवय लावून घ्या. चेहऱ्यावर कुठलीही ट्यूब लावण्याआधी मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. वरच्या यादीतलं किंवा ‘सोन’, ‘लोन’ असा शेवट असलेलं नाव दिसलं तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा. आधीपासून लावत असाल तर घाबरू नका, पण स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती कशी सोडवायची ते त्यांना माहीत असतं. त्वचा सावरायला काही महिने लागतात, पण बहुतेकांची सावरते.

मग लावायचं काय?

सौम्य पिंपल्ससाठी ज्या औषधांचा अभ्यास पुरेसा झालाय, अशी मोजकीच नावं आहेत.

बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही, हा त्याचा मोठा गुण. २.५ टक्के ताकदीचं जेल ५ किंवा १० टक्क्यांइतकंच काम करतं आणि चुरचुरतं कमी. म्हणजे जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. एक सूचना : ते कपड्यांचा रंग घालवतं. नवा टॉवेल, आवडता कुर्ता आणि उशीचा अभ्रा सांभाळा!

अ‍ॅडापलीन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध आहे. ते मुळावरच काम करतं, म्हणजे छिद्रातलं बूच होऊच देत नाही. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं जेल पूर्ण चेहऱ्याला पुरतं. सुरुवातीला एक दिवसाआड लावायचं. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सोलवटते, काहींचे पिंपल्स उलट थोडे वाढल्यासारखे दिसतात. नेमके इथेच बहुतेक जण ते सोडून देतात! डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा आणि टिकून राहा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर मात्र हे औषध टाळायचं.

ब्लॅकहेड-व्हाइटहेडच जास्त असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश किंवा जेल मदत करतं. अँटिबायोटिकचं, म्हणजे क्लिंडामायसिनसारखं जेल एकटंच महिनोन्‌महिने लावू नये. जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. त्याच्या जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड असावं लागतं.

आणि मॉइश्चरायझर? ‘माझा चेहरा आधीच तेलकट, मला कशाला?’ असं वाटतं ना? पण ही औषधं त्वचा कोरडी करतात. तेलविरहित, हलकं, ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ असं लिहिलेलं मॉइश्चरायझर लावलं तर औषध सोसतं आणि म्हणूनच ते पुढे चालू राहतं. रीलमधली दहा पायऱ्यांची निगा आणि हजारोंची सिरम्स यासाठी लागत नाहीत.

डॉक्टरकडे कधी?

आठ ते बारा आठवडे नियमित औषध लावूनही फरक नसेल. खोल, दुखऱ्या गाठी असतील. खड्डे पडायला लागले असतील. छाती-पाठ भरली असेल. मुलींमध्ये पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस वाढत असतील, वजन वाढत असेल तर पीसीओएस आहे का, हेही तपासावं लागतं. अशा वेळी पार्लरचं फेशियल हा उपाय नाही. खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो, तिथे अगदी कमी खर्चात तपासणी होते.

गंभीर पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या असतात. १९८२ पासून त्या वापरात आहेत आणि खूप गुणकारी आहेत. त्यांच्याबद्दल अफवाही भरपूर. ‘पुढे मूल होत नाही’ ही त्यातली एक, आणि ती खोटी आहे. खरी गोष्ट अशी की या गोळ्या चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर दोष येऊ शकतात. म्हणून मुलींनी गोळ्या सुरू करण्याआधी महिनाभर, त्या चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायचीच असते. ओठ फुटतात, त्वचा कोरडी पडते, रक्ततपासणी करावी लागते, मन फार उदास वाटलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं असतं. या काळात रक्तदानही करायचं नाही. मित्राच्या प्रिस्क्रिप्शनवर या गोळ्या का आणायच्या नाहीत, ते आता वेगळं सांगायला नको.

डाग वेगळे, खड्डे वेगळे

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला एक सवय आहे. सूज गेली तरी ती मागे काळा-तपकिरी डाग ठेवते. हा डाग कायमचा नसतो. काही महिन्यांत तो आपोआप फिका होतो, पण ऊन लागलं तर रेंगाळतो. म्हणून एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं जेलसारखं सनस्क्रीन सकाळी लावा, मुलांनीसुद्धा. डाग घालवायला पिंपल जोरात घासू नका. त्याने नवीन डाग पडतात.

खड्डे मात्र आपोआप भरत नाहीत. त्यांच्यासाठी मायक्रोनीडलिंग, लेझर असे उपचार असतात. ते खर्चीक असतात, वेळ घेतात आणि त्वचा पूर्वीसारखी तंतोतंत होईलच असं नसतं. खड्डा पडू न देणं हाच स्वस्त आणि खात्रीचा उपाय. त्यासाठी दोन गोष्टी : मोठ्या गाठींवर वेळेत उपचार आणि न फोडणं. पिंपल दाबला की पू बाहेर येतो तसा आतही पसरतो. हात शिवशिवत असतील तर त्यावर पिंपल पॅच चिकटवा किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटं धरा. ऑनलाइन मिळणारा सुयांचा रोलर घरी फिरवणं तर नकोच नको.

चेहऱ्यावरून बोलणाऱ्यांचं काय?

शेवटचं, आणि कदाचित सगळ्यात जास्त दुखणारं. ‘अरे, हे काय झालं चेहऱ्याला?’ लग्नात भेटलेली मावशी सगळ्यांदेखत विचारते. वर्गात टोपणनाव पडतं. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद राहतो, फिल्टरशिवाय फोटो टाकवत नाही, इंटरव्ह्यूला जाताना आधी आरसा आठवतो. पिंपल्समुळे नैराश्य आणि चिंता वाढते हे संशोधनातही दिसलंय. तेव्हा ‘एवढ्याशा पिंपलचं काय घेऊन बसलायस’ असं कुणी म्हणालं तर तुमचं वाईट वाटणं खोटं ठरत नाही. सतत उदास वाटत असेल, घराबाहेर पडावंसं वाटत नसेल तर घरात कुणाशी तरी बोला. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि ज्यांचा चेहरा नितळ आहे त्यांनी एक करावं. समोरच्याला पिंपल आलाय हे त्याला माहीत असतं. त्याने तो आपल्याआधी आरशात पाहिलेला असतो. न विचारता उपाय सुचवू नका.

चौकट : बारा आठवड्यांचा साधा बेत

सकाळी : सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन.

रात्री : फेसवॉश, चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या, मग डॉक्टरांनी सुचवलेलं जेल पिंपल येणाऱ्या सगळ्या भागावर, त्यावर मॉइश्चरायझर.

आठवडा १ ते ४ : कोरडेपणा, थोडं सोलवटणं अपेक्षित आहे. फार आग झाली तर एक दिवसाआड लावा. खूप सूज आली, पुरळ उठलं तर बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आठवडा ४ ते ८ : जुने फोड ओसरतात, नवे थोडे कमी होतात. आरशात रोज शोधत बसू नका. दर पंधरा दिवसांनी, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात, फिल्टरशिवाय एक फोटो काढून ठेवा.

आठवडा ८ ते १२ : पहिला फोटो आणि आताचा फोटो शेजारी ठेवून बघा. फरक दिसत असेल तर बंद करू नका, चालू ठेवा. दिसत नसेल तर तेच फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

या काळात नवीन काहीही सुरू करायचं नाही : रीलमधलं नाही, मेडिकलवाल्याने सुचवलेलं नाही आणि मित्राच्या ट्यूबमधलं तर मुळीच नाही.

आणि परवाचं गॅदरिंग? जा की! नाकावरच्या फोडावर पॅच लावा, हवं तर त्यावर थोडा कन्सीलर. फोटोत तुम्ही काय नाचलात ते लोक बघतील.